गृहिणीची घुसमट आणि भूमिकांची अदलाबदल : चित्रपट सुचवा

धागाकर्ती : कुणी विशेष छळत नाही, तरीही आतून विटून गेलेली गृहिणी आणि पुढे नवरा-बायकोच्या कामांची झालेली अदलाबदल, अशा विषयावरचे चित्रपट हवे आहेत. नवऱ्याच्या हातून दूध उतू जाते, भाजी करपते आणि प्रेक्षक हसतात, एवढ्यावरच भागवणारे चित्रपट बरेच पाहून झाले. त्यांत घर सांभाळणे हे शेवटी बाईचेच उपजत कसब ठरते, म्हणून ते नकोत. भाषेची अट नाही.

प्रतिसाद १ : आर. बाल्की यांचा 'की अँड का' (२०१६) पाहावा. त्यात करीना कपूर नोकरी करते आणि अर्जुन कपूर आपखुशीने घर सांभाळतो.

धागाकर्ती : पाहिला आहे. घर सांभाळतो म्हणून त्या नवऱ्याचा गाजावाजा होतो, तो प्रसिद्ध होतो. तेच काम जन्मभर करणाऱ्या बाईचे असे कौतुक कोण करते? चित्रपट या प्रश्नाला नुसता स्पर्श करून पुढे सरकतो, असे मला वाटले.

प्रतिसाद २ : मग सत्यजित राय यांचा 'महानगर' (१९६३) चुकवू नका. घरखर्चाची तोंडमिळवणी होत नाही म्हणून आरती दारोदार फिरून विणकामाची यंत्रे विकू लागते. तिचा आत्मविश्वास वाढतो तसा नवरा अस्वस्थ होत जातो आणि नोकरी सोडण्याचा आग्रह धरतो. पण ती राजीनामा देणार त्याच दिवशी त्याची बँक बुडते आणि राजीनामा देऊ नकोस, हे फोनवर सांगण्याची पाळी त्याच्यावरच येते. पुढे हा बेकार नवरा उपाहारगृहात वर्तमानपत्राआड तोंड लपवून बसतो आणि पलीकडे आरती एका परिचिताला आपल्या नवऱ्याचे कसे उत्तम चालले आहे ते सांगत असते. अदलाबदल खरी कुठे बोचते, ते या एका प्रसंगात जेवढे दिसते तेवढे मी इतरत्र पाहिलेले नाही. माधवी मुखर्जी यांचा अभिनय तर लाजवाब आहे.

प्रतिसाद ३ : हलकेफुलके चालणार असेल, तर फ्रान्स्वा ओझों यांचा 'पोतीश' (२०१०). १९७७ सालातली, छत्र्यांच्या कारखानदाराची शोभेची बायको (कॅथरीन दनव) संपाच्या काळात कारखाना हाती घेते. विनोद भरपूर आहे, मात्र तो तिच्या अजाणतेपणावर बेतलेला नाही.

प्रतिसाद ४ : अदलाबदल नसली तरी घुसमटीसाठी शांताल आकरमन यांचा 'जीन डीलमन' (१९७५) पाहाच. चित्रपट सुमारे ३ तास २० मिनिटांचा असून त्यात एका गृहिणीचे तीन दिवस आहेत. दुसऱ्या दिवशी बटाटे प्रमाणाबाहेर शिजतात आणि एवढ्यानेच आपल्या छातीत धस्स होते. घाईत असाल तर वाटेला जाऊ नका.

धागाकर्ती : सर्वांचे आभार. 'महानगर' आजच पाहते, 'जीन डीलमन' सुट्टीच्या दिवशी. 'पोतीश'मधला नवरा परत आल्यावर काय होते, तेवढे मात्र कृपया इथे कुणी लिहू नये.