मदत हवी आहे: काट्यावरचे १.०५० मुलीच्या वहीत १.५ कसे झाले?

माझी मुलगी सहावीत आहे. दशांश अपूर्णांकांची वहीतली उदाहरणे ती बिनचूक सोडवते, म्हणून गेल्या रविवारी सांगलीतल्या गणपती पेठेत किराणा भरताना हिशेब तिच्याकडेच सोपवला.

२४० रुपये किलोची हळदपूड पाव किलो, १३६ रुपये किलोचे शेंगदाणे पाऊण किलो आणि ४०० रुपये किलोचा बेदाणा दीड पाव, यांचे ६०, १०२ आणि १५० रुपये तिने बरोबर काढले. दीड पाव म्हणजे पावाची दीडपट, अर्थात ३७५ ग्रॅम, एवढे मात्र मला सांगावे लागले. घोळ झाला तो गुळात. दुकानदारांनी ढेपेचा फोडलेला खडा किलोपेक्षा जरासा मोठा निघाला आणि काट्यावर १.०५० आकडा आला. ४८ रुपये भावाने त्याचे ५० रुपये ४० पैसे होतात. मुलीने ७२ लिहिले. एकूण ३६२ रुपये ४० पैशांतले वरचे ४० पैसे सोडून (पंचवीस पैशांपर्यंतची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली आणि आठ आणे आता कोणी घेत नाही) त्यांनी पाचशेच्या नोटेतून १३८ रुपये परत केले. तिच्या हिशेबाने ११६ च यायला हवे होते, त्यामुळे "काका, तुम्ही २२ रुपये जास्त दिलेत," असे म्हणत ती प्रामाणिकपणे पैसे परत करू लागली.

घरी वही पाहिली तेव्हा कारण कळले. शेवटच्या शून्याला किंमत नसते, ०.७५० म्हणजेच ०.७५, असे ती शिकली आहे. त्याच न्यायाने तिने १.०५० मधली दोन्ही शून्ये उडवली आणि एक किलो ५० ग्रॅमचे दीड किलो झाले. दशांश, शतांश, सहस्रांश ही स्थाने पक्की होण्याआधीच शून्य उडवण्याचा नियम हाती दिला की असे होणारच, असे मला वाटते.

माझे सासरे जुन्या पाऊणकी-सवायकीत (पाऊणपट, सव्वापट यांच्या पाढ्यांत) तयार झालेले आहेत. १३६ चा चौथा हिस्सा ३४, तो वजा केला की १०२, असे ते कागदाशिवाय सांगतात, आणि मुलीलाही ही रीत आवडते. परंतु ३/४, ०.७५ आणि पाऊण ही एकाच मापाची तीन रूपे आहेत हे तिला अजून उमगलेले नाही, त्यात आजोबांची रीत मिसळल्यास गोंधळ वाढेल अशी भीती वाटते.

आपल्यापैकी शिक्षकांना किंवा या वयाची मुले असलेल्या पालकांना विचारावेसे वाटते की मधले शून्य आणि शेवटचे शून्य यांतला फरक आपण कसा समजावलात, आणि आधी सगळे वजन ग्रॅममध्ये करून घेतलेत की थेट दशांश चिन्हानेच शिकवलेत? पावकी-पाऊणकी आता शिकवू द्यावी की दशांश पक्के झाल्यावर?