मदत हवी आहे: थायलंडला शेंगदाण्याची ॲलर्जी आणि जैन जेवण, भाषांतराचं ॲप कसं वापरावं?

होटगी रोड:
सोलापूरहून आम्ही पाच जण बँकॉक-फुकेतला निघालोय. पुतण्या नऊ वर्षांचा, शेंगदाण्याची ॲलर्जी. कूट लागलेला चमचाही चालत नाही. आई-वडील जैन जेवतात, कांदा-लसूण-बटाटा बंद. फोनमध्ये गूगल ट्रान्सलेट आहे. हॉटेलात मराठीत बोलून दाखवलं तर भागेल का? मेनू कॅमेऱ्याने वाचला तर त्यावर किती विसंबावं?

चाटी गल्ली:
बोलून नाही भागणार ओ. गाड्यावर कढईचा आवाज, त्यात आपण 'शेंगा' म्हणणार आणि ॲप घेवड्याच्या शेंगा समजणार. घरूनच कार्ड करून न्या.

आधी ॲपमध्ये वर उजवीकडे आपल्या फोटोवर टिचकी मारून थाई आणि इंग्रजी डाउनलोड करा. मजकूर इंग्रजीतून द्या, वाक्यं तुटक ठेवा: 'या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. दाणा, कूट, शेंगतेल थोडं जरी पोटात गेलं तरी श्वास अडकतो. धुतलेली कढई आणि पळी वापराल का? जमत नसेल तर नाही म्हणा, आम्ही दुसरीकडे जाऊ.' शेवटचं वाक्य गाळू नका. गिऱ्हाईक परत पाठवायला संकोच वाटतो आणि 'हो हो' म्हणून मोकळे होतात.

'नट्स' लिहू नका, 'पीनट' लिहा. थाईत नुसतं 'थुआ' आलं तर त्यात मूग, सोयाबीन सगळंच येतं. शेंगदाणा म्हणजे 'थुआ लिसोंग'. आलेला थाई मजकूर मायक्रोसॉफ्ट ट्रान्सलेटरमध्ये टाकून उलटा इंग्रजीत आणा. 'पीनट' आणि नकार दोन्ही शाबूत असले तरच स्क्रीनशॉट घ्या, दोन फोनमध्ये ठेवा, एक प्रत छापून लॅमिनेट करा. पोचल्यावर रिसेप्शनवरच्या माणसाकडून एकदा वाचून घ्या.

जुळे सोलापूर:
कॅमेऱ्याचा उपयोग पदार्थ बाद करण्यापुरता. मेनूत पदार्थाचं नाव असतं, घटक नसतात. पॅड थायवर कूट भुरभुरतात (आपल्यासारखेच शेंगाप्रेमी ते!), साते सोबतच्या चटणीत आणि मस्सामन करीत शेंगदाणा असतो. सोम तम (कच्च्या पपईची कोशिंबीर) मागताना 'शेंगदाणा नको' म्हटलंत तरी ज्या उखळात आधीच्या गिऱ्हाईकाचे दाणे कुटले त्याच उखळात तुमची पपई पडते. मुलासाठी सोम तमचं नावच काढू नका.

पाकिटाचं लेबल वाचताना लाइव्ह कॅमेरा नको, शब्द लुकलुकत बदलत राहतात. थाईत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, त्यामुळे ॲप भलतीकडे तोडतं. पाकीट सपाट करा, चकाकी टाळून फोटो काढा आणि तो ॲपमध्ये उघडा. घटकांच्या खाली ॲलर्जीची वेगळी ओळ असते, 'आहे' किंवा 'असू शकतं' अशी. मुलासाठी दोन्ही सारखीच.

होटगी रोड:
आणि आई-बाबांचं?

जुळे सोलापूर:
'व्हेजिटेरियन' सांगून उपयोग नाही. भाजीतही 'नाम प्ला' म्हणजे माशाचा सॉस किंवा 'कापी' म्हणजे कोळंबीची पेस्ट पडते. त्यांच्यासाठी 'जे' जेवण शोधा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं, आपल्याला १७ आकड्यासारखी दिसतात. त्यात मांस, मासे, अंडी, दूध नाही, कांदा-लसूणही नाही. पण बटाटा, मुळा, गाजर, मशरूम चालतात, म्हणून त्यांचं कार्ड वेगळं: 'जमिनीखाली येणारं काही नको' एवढ्यावर न थांबता एकेक नाव लिहा.

खरी अडचण पुढे आहे. 'जे' स्वयंपाकात मांसाऐवजी टोफू आणि शेंगदाणे सढळ हाताने घालतात. म्हणजे आजी-आजोबांना सोयीचं दुकान नातवाला सगळ्यात धोक्याचं. एकाच टेबलावर दोन्ही कार्डं पुढे करू नका, आचारी गोंधळतो. मुलाची ऑर्डर आधी, कार्ड दाखवून. ती पक्की झाली की मग बाकीच्यांची.

चाटी गल्ली:
एक राहिलं. घरून कडक भाकरी नेणार असाल तर शेंगाचटणी त्या बॅगेत नको, मुलाचा खाऊ वेगळ्या बंद डब्यात. ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन डॉक्टरांनी दिलं असेल तर त्यांच्या इंग्रजी चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत. थायलंडमध्ये ॲम्ब्युलन्सचा नंबर १६६९, टुरिस्ट पोलिसांचा ११५५. कार्डाच्या मागच्या बाजूला हे दोन नंबर आणि राहत्या हॉटेलचा थाई लिपीतला पत्ता छापून घ्या.

होटगी रोड:
कार्डाचा मसुदा आज रात्री इथेच टाकतो. दोघांनी एकदा नजर घाला.