९ मिमी रिलोडिंग: शंभरातली अकरा काडतुसं नळीत बसत नाहीत

सांगलीकर_ऑस्टिन

नमस्कार मंडळी. रिलोडिंग (वापरलेल्या काडतुसाच्या पितळी पुंगळीत नवी दारू आणि गोळी भरणं) करणारे इथे दोघं-तिघं तरी आहेत, म्हणून विचारतो.

मी टेक्सासात, ऑस्टिनच्या बाहेर राहतो. महिन्यातून एकदा क्लबच्या स्पर्धेला जातो, त्यापुरती ९ मिमीची काडतुसं गॅरेजमध्ये भरतो. प्रोग्रेसिव्ह प्रेस आहे, म्हणजे हँडलच्या दर ओढीला सगळे टप्पे एकदम पुढे सरकतात असं यंत्र. वडील सांगलीच्या एमआयडीसीत लेथवर होते, त्यामुळे व्हर्निअर घराण्यातच आहे. बायको गॅरेजला 'कारखाना' म्हणते. परवा आईचा फोन आला तेव्हा बायकोने "तो दारू मोजतोय, झाली की बोलेल" असं सांगितलं. त्यावर सांगलीत जे झालं ते वेगळं लिहीन कधीतरी.

तर अडचण. शनिवारी स्पर्धेच्या तिसऱ्या स्टेजला पिस्तुलाची स्लाइड (मागेपुढे सरकणारा वरचा भाग) पूर्ण पुढे आलीच नाही, सूतभर मागे अडकली. मी शहाण्यासारखी मागून तळहाताने ठोकली, तर आणखी घट्ट बसली. शेवटी रेंज ऑफिसरसमोर मॅगझिन काढून, नळी मातीच्या बांधाकडे ठेवून जोर लावून मागे ओढली. बाहेर आली नुसती पुंगळी. गोळी नळीतच राहिली आणि दारू पिस्तुलात सांडली. माझी स्पर्धा तिथेच संपली.

घरी येऊन नळी काढली, साफ केली आणि त्याच लॉटची शंभर काडतुसं एकेक करून तिच्यात टाकून पाहिली. अकरा बसेनात. दुकानातलं विकतचं काडतूस टाकलं की 'टण्' वाजून बसतं, नळी उलटी केली की आपोआप पडतं.

बदललं काय? आधी ११५ ग्रेन वजनाची, तांब्याचा मुलामा दिलेली गोळी वापरायचो. आता १२४ ग्रेनची, रंगीत कोटिंगवाली शिशाची घेतली, स्वस्त पडते. व्यास ०.३५५ इंच होता, आता ०.३५६. एकूण लांबी तीच ठेवली, १.१५० इंच. ९ मिमीची कमाल लांबी १.१६९ आहे, म्हणजे आपण आतच आहोत. मला संशय क्रिंपचा (पुंगळीचं तोंड गोळीभोवती मिटवण्याचा) आला, म्हणून त्याची डाय (प्रेसमधला साचा) पाव फेरा खाली घेतली. फरक पडेना, म्हणून आणखी पाव फेरा. आता तोंडाशी माप ०.३७४ येतंय, तरी काही अडकतातच. काय चुकतंय?

जुना_टर्नर

बाळा, उत्तर तू स्वतःच लिहिलं आहेस. पुंगळी बाहेर आली आणि गोळी आत राहिली, म्हणजे गोळी नळीच्या आट्यांत (आतल्या पिळाच्या खाचांत) रुतली होती. हा क्रिंपचा रोग नाही, लांबीचा आहे.

१.१६९ ही काडतुसाची कमाल लांबी. गोळीचं नाक कसं आहे ते त्यात येत नाही. तुझी जुनी गोळी पुढे निमुळती असणार. ही नवी खांद्याला भरलेली आहे, तिचा पूर्ण व्यास पुंगळीच्या बराच पुढपर्यंत जातो आणि आटे सुरू होतात तिथे टेकतो. माझ्याही एका पिस्तुलात हेच झालं होतं, दुसऱ्यात तीच काडतुसं बिनतक्रार चालायची. प्रत्येक नळी वेगळी.

आता अंदाज बंद कर. काळा मार्कर घे, अडकणारं काडतूस गोळीपासून बुडापर्यंत रंगव, सुट्या नळीत टाक आणि बोटाने थोडं फिरव. बाहेर काढून शाई कुठे घासली ते बघ. गोळीवर घासली तर लांबी जास्त. पुंगळीच्या तोंडाशी घासली तर गोळी बसवायला उमलवलेलं तोंड नीट मिटलेलं नाही. बुडाशी घासली तर सायझिंग (पुंगळी दाबून मूळ मापावर आणणं) अपुरं.

आणि तो क्रिंप आधी परत घे. ९ मिमी पुंगळीच्या तोंडावर टेकते, क्रिंपने फक्त तोंड सरळ करायचं असतं. हिशेब कर: गोळी ०.३५६, पितळेची जाडी दोन्हीकडे साधारण ०.०११, झालं ०.३७८. तू ०.३७४ वर गेलास म्हणजे शिसं चेपतोयस. पितळ नंतर थोडं उलगडतं, शिसं उलगडत नाही, मग गोळी सैल होते. एका वेळी एकच स्क्रू फिरवायचा, हे लेथवाल्याच्या पोराला मी सांगायचं का?

नीलाक्षी_ॲरिझोना

काकांशी सहमत, पण अकराच्या अकरा लांबीमुळे असतील असं वाटत नाही. सांगलीकर दादा, पुंगळ्या रेंजवर वेचलेल्या आहेत ना? कुणाच्या कुठल्या ढिल्या चेंबरमधून (नळीत काडतूस बसतं त्या जागेतून) आल्या असतील देव जाणे. बुडाशी फुगलेल्या असतात. सायझिंग डाय शेलप्लेटला (पुंगळ्या धरणाऱ्या चकतीला) टेकत नसेल तर तो फुगवटा तसाच राहतो. हँडल पूर्ण खाली दाबा, *डायमध्ये पुंगळी असताना*, आणि फटीतून उजेड दिसतो का बघा. रिकाम्या प्रेसवर टेकलेली दिसते, पुंगळी घातली की प्लेट किंचित झुकते आणि फट पडते. माझी लॉकरिंग (डाय जागेवर धरणारी कडी) ढिली होऊन डाय हळूहळू वर सरकली होती, दोन महिने पत्ता नव्हता.

अजून दोन गोष्टी. भरलेली काडतुसं परत सायझिंग डायमध्ये घालून 'दुरुस्त' करू नका. त्यात प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टिकली) काढायची पिन असते. हसू नका, मला एकाने रेंजवर हा सल्ला दिलेला आहे. आणि वेचलेल्या ढिगात .३८० (दुसरं, आखूड काडतूस) च्या पुंगळ्या तपासा. त्या १७ मिमीच्या, आपल्या १९ च्या. सायझिंगला हँडल अचानक हलकं लागलं की थांबायचं.

पाहुणा_पुणे

छान धागा. पुण्यात असं घरी करता येतं का? माझा भाऊ न्यू जर्सीत एचवनबीवर आहे, तो करू शकेल?

जुना_टर्नर

पुण्यात विसरा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे काडतुसं बनवायला परवाना लागतो, आणि ९ मिमी तर भारतात निषिद्ध बोअर. भावाचंही अवघड आहे. बिगर-स्थलांतरित व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेत बंदूकच काय, काडतूस बाळगायलाही संघीय कायद्याची मनाई आहे. शिकारीचा परवाना वगैरे काही अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारून. मी स्वतः ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत मित्राच्या पिस्तुलालाही हात लावला नाही.

सांगलीकर_ऑस्टिन

काका, नीलाक्षीताई, दोघंही बरोबर!

अकराही रंगवली. आठांची शाई गोळीच्या खांद्यावर घासली, चारही बाजूंनी बारीक रेघा. तिघांची बुडाशी. डायमध्ये पुंगळी घालून दाबलं तर फटीतून टॉर्चचा उजेड सरळ आरपार. लॉकरिंग हाताने फिरली. आधी ती घट्ट केली, पन्नास पुंगळ्या सायझ करून नळीत टाकल्या, सगळ्या बसल्या. मगच लांबीला हात लावला. (काका, एका वेळी एकच स्क्रू.)

दारू-प्रायमर नसलेलं नमुन्याचं काडतूस बनवून थोडं थोडं खाली दाबत गेलो. १.११५ ला पहिल्यांदा नळीत मोकळं फिरलं. पंधरा थाऊ (इंचाचा हजारावा भाग) आणखी सोडून १.१०० धरलं. गोळी आत गेली म्हणजे आतली जागा कमी झाली आणि दाब वाढणार, म्हणून दारूचं जुनं माप सोडून दिलं. पुस्तकातल्या सुरुवातीच्या मापापासून, दहा-दहाचे गट करून पुन्हा चढतोय.

क्रिंप ०.३७८ वर. काडतुसाचं नाक बाकाच्या लाकडावर अंगठ्याने जोरात दाबून पाहिलं, लांबी हलली नाही. ०.३७४ वाल्यांपैकी एक असंच दाबलं तर गोळी वीस थाऊ आत गेली. ते बघून पाठीतून कळ गेली. तसलं काडतूस मॅगझिनमधून वर येताना फीड रॅम्पवर (नळीच्या तोंडाशी असलेल्या उतारावर) आपटलं असतं तर दाब कुठे गेला असता?

आता प्रश्न त्या जुन्या चारशे काडतुसांचा. हातोडा-पुलर (ठोका मारून काडतुसातली गोळी बाहेर काढणारं अवजार) आहे, पण एकेकाला तीन-चार ठोके लागतात.

नीलाक्षी_ॲरिझोना

काँक्रीटवर किंवा लाकडाच्या उभ्या ओंडक्यावर मारा, बाकावर नको, बाक ठोका पिऊन टाकतो. डोळ्यांना चष्मा लावा. दारू कुठली ते नक्की माहीत असेल आणि स्वच्छ असेल तरच मूळ डब्यात परत टाका.

सांगलीकर_ऑस्टिन

ओंडका मिळाला. पेकानचा, मागच्या वादळात पडलेला. काल पासष्ट झाली, मग शेजारीण बघायला आली की एवढं काय ठोकताय.