कॉम्प्रेसर स्टेशनचे उत्सर्जन : एपी-४२ चे गुणांक कुठवर ग्राह्य धरावेत?

प्रश्न : ओहायोकर

नमस्कार. मी ओहायोमधील एका पर्यावरण सल्लागार कंपनीत काम करते. नैसर्गिक वायूच्या आंतरराज्य पाइपलाइनवरील एका जुन्या कॉम्प्रेसर स्टेशनच्या (वायूचा दाब वाढवणाऱ्या केंद्राच्या) वायू उत्सर्जनाचा हिशेब सध्या माझ्याकडे आहे. तेथे प्रत्येकी २,००० अश्वशक्तीची तीन टू-स्ट्रोक लीन-बर्न (जास्त हवेत कमी इंधन जाळणारी) इंजिने असून त्यांना धुरातील प्रदूषके घटवणारे कोणतेही कॅटॅलिस्ट बसवलेले नाही. निर्मात्याच्या माहितीनुसार त्यांना दर अश्वशक्ती-तासाला ७,२०० बीटीयू (उष्णतेचे एकक) इतके इंधन लागते. ईपीए या अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेच्या एपी-४२ या उत्सर्जन-गुणांकांच्या संकलनातील कलम ३.२ चा ३.१७ पौंड प्रति दशलक्ष बीटीयू हा गुणांक आणि वर्षाचे ८,७६० तास धरून नायट्रोजन ऑक्साइड्सचे उत्सर्जन प्रत्येक इंजिनामागे वर्षाला सुमारे २०० टन येते. मात्र ही इंजिने बहुतांश काळ ८० टक्के भारावर चालतात आणि ९० टक्क्यांपेक्षा कमी भारासाठी त्याच तक्त्यात १.९४ हा गुणांक दिला आहे. यांपैकी कोणता गुणांक घ्यावा? आणि माझी मूळ पद्धत बरोबर आहे का?

उत्तर : वायुमापक

भाराचा मुद्दा महत्त्वाचा आहेच, पण त्याआधी इंधनाचा आकडा तपासून घ्या. इंजिन निर्माते इंधनाचा वापर बहुधा निम्न उष्मांकावर (ज्वलनात बनणाऱ्या वाफेतील उष्णता न धरता) सांगतात, तर एपी-४२ चे गुणांक उच्च उष्मांकावर (ती उष्णता धरून) बेतलेले आहेत. नैसर्गिक वायूच्या बाबतीत या दोहोंत सुमारे ११ टक्क्यांचा फरक असतो. ७,२०० हा आकडा निम्न उष्मांकावरचा असेल, तर उच्च उष्मांकावर तो साधारण ८,००० होतो. मग एका इंजिनाला ताशी १६ दशलक्ष बीटीयू उष्णता लागते, नायट्रोजन ऑक्साइड्सचे उत्सर्जन ताशी सुमारे ५०.७ पौंड होते आणि वर्षाचा आकडा २०० वरून २२२ टनांवर जातो. येथे टन म्हणजे २,००० पौंडांचा अमेरिकी टन. हाच आकडा दर अश्वशक्ती-तासाला सुमारे ११.५ ग्रॅम असाही मांडता येतो. निर्मात्याची हमी किंवा नियमातील मर्यादा ग्रॅममध्ये असते, तेव्हा तुलनेसाठी हे रूप सोयीचे पडते.

उत्तर : पाइपलाइन अभियंता

भाराबाबत आपण दोन वेगळे हिशेब एकत्र करत आहात. परवान्यासाठी लागते ती कमाल उत्सर्जन क्षमता. परवान्यात तासांवर किंवा इंधनावर बंधनकारक मर्यादा नसेल, तर ती पूर्ण भार आणि ८,७६० तास धरूनच काढावी लागते, त्यामुळे तेथे ३.१७ हाच गुणांक योग्य आहे. वार्षिक प्रत्यक्ष उत्सर्जनासाठी मात्र इंधनाच्या मीटरची तासागणिक नोंद घ्या आणि ज्या तासांत भार ९० टक्क्यांच्या खाली होता, त्या तासांना १.९४ लावा. वर्षाची सरासरी काढून सगळ्या तासांना एकच गुणांक लावणे मला मान्य नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे एपी-४२ मधील गुणांक ही सरासरी आहे. त्या प्रकारच्या साधारण निम्म्या स्रोतांचे उत्सर्जन गुणांकापेक्षा जास्त असू शकते, हे ईपीएने स्वतःच त्या संकलनाच्या प्रस्तावनेत म्हटले आहे. टू-स्ट्रोक इंजिनात सिलिंडरमध्ये प्रत्यक्ष अडकलेल्या हवेचे इंधनाशी असलेले प्रमाण थोडे जरी घटले तरी ज्वलनाचे तापमान वाढते आणि त्याबरोबर नायट्रोजन ऑक्साइड्सही झपाट्याने वाढतात. म्हणून धुराड्यावरील चाचणीचा अहवाल उपलब्ध असेल, तर त्यालाच प्राधान्य द्या. मात्र चाचणीच्या वेळचा भार, इग्निशन टायमिंग आणि हवा-इंधन प्रमाण आजही तसेच आहे, याची आधी खात्री करून घ्या.

उत्तर : रसायन

नायट्रोजन ऑक्साइड्सच्या मोठ्या आकड्यांमुळे फॉर्मल्डिहाइड या घातक वायू प्रदूषकाकडे दुर्लक्ष होते, आणि अशा स्टेशनांवर निर्णायक ठरते ते नेमके तेच. त्याचा गुणांक दर दशलक्ष बीटीयूला ०.०५५२ पौंड इतकाच आहे. तरीही वरच्या १६ दशलक्ष बीटीयूंवर ताशी ०.८८ पौंड, म्हणजे एका इंजिनाचे वर्षाला सुमारे ३.९ टन आणि तिन्ही इंजिनांचे मिळून साधारण ११.६ टन होतात. घातक वायू प्रदूषकांपैकी कोणत्याही एकाचे कमाल उत्सर्जन वर्षाला १० टनांवर गेले की स्टेशन त्या प्रदूषकांचा 'प्रमुख स्रोत' ठरते. आपल्या ७,२०० च्या आकड्यावर हीच बेरीज १०.४ टन आली असती. इतक्या काठावर असताना उष्मांकाचा आधार चुकणे परवडणारे नाही. एखाद्या इंजिनाच्या तासांवर परवान्यात मर्यादा मागायची असेल, तर हिशेब येथूनच सुरू करावा.

याचा परिणाम पुढच्या विस्तारावरही होतो. उद्या तेथे ५०० अश्वशक्तीहून मोठे नवे फोर-स्ट्रोक लीन-बर्न इंजिन बसवले, तर प्रमुख स्रोतावर त्याला कार्बन मोनॉक्साइड ९३ टक्क्यांनी घटवावा लागेल किंवा १५ टक्के ऑक्सिजनवर फॉर्मल्डिहाइड १४ पीपीएमच्या आत ठेवावे लागेल. एकूण सेंद्रिय संयुगांचा हिशेब करतानाही सावध राहा. नव्या इंजिनांसाठीच्या ईपीएच्या जेजेजेजे नियमात बाष्पनशील सेंद्रिय संयुगांच्या मर्यादेत फॉर्मल्डिहाइड धरत नाहीत आणि निर्मात्याची हमीही बहुधा तशीच असते. परवान्याच्या एकूण हिशेबात मात्र ते मिळवावे लागते.

उत्तर : पाइपलाइन अभियंता

मिथेनविषयी आपण विचारले नाही, तरी लिहितो. लीन-बर्न इंजिनात न जळता बाहेर पडणारा मिथेन बराच असतो. एपी-४२ मधील १.४५ पौंड प्रति दशलक्ष बीटीयू या गुणांकाने एका इंजिनाचे वर्षाला सुमारे १०२ टन होतात. हरितगृह वायूंच्या अहवालातील ज्वलनाचा सर्वसाधारण गुणांक दर दशलक्ष बीटीयूला ०.००१ किलोग्रॅम आहे; त्याने हाच आकडा जेमतेम ०.१५ टन येतो. ही तफावत ओळखूनच ईपीएने २०२४ मध्ये याच अहवालाच्या नियमांतील तेल आणि वायू उद्योगासाठीच्या सबपार्ट डब्ल्यू या भागात इंजिनांतून निसटणाऱ्या मिथेनसाठी वेगळी तरतूद केली. रॉड पॅकिंगची (कॉम्प्रेसरच्या दांड्याभोवतीच्या सीलची) गळती आणि ब्लोडाउन (यंत्रातील दाबाचा वायू बाहेर सोडणे) यांचा हिशेब याशिवाय स्वतंत्र करावा. इंजिन बंद असले तरी कॉम्प्रेसरमध्ये दाब तसाच ठेवला असेल, तर पॅकिंगमधून वायू निसटत राहतो. दाब सोडून दिला असेल, तर बंद झडपांतून झिरपणारा वायू ब्लोडाउनच्या नळीवाटे बाहेर जातो. त्यामुळे चालू तासांबरोबरच या दोन्ही स्थितींतील तासांची नोंद ठेवणे आवश्यक आहे.

प्रश्नकर्ती : ओहायोकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. निर्मात्याचा आकडा निम्न उष्मांकावरचाच असल्याचे कागदपत्रांत सापडले. त्यामुळे फॉर्मल्डिहाइडची बेरीज ११.६ टनांच्या जवळ जाते. तिन्ही इंजिनांच्या चाचणीत फॉर्मल्डिहाइडचे मोजमापही असावे, अशी शिफारस मी करणार आहे. त्यासाठी कोणती पद्धत सुचवाल?

उत्तर : रसायन

ईपीएची चाचणी पद्धत ३२० घ्या. अवरक्त वर्णपटावर आधारित असल्यामुळे तिच्यात फॉर्मल्डिहाइड, कार्बन मोनॉक्साइड आणि मिथेन एकाच वेळी मोजता येतात. चाचणी कमाल भाराच्या शक्य तितक्या जवळ घ्यावी आणि त्या वेळचा इंधनप्रवाह व वायूचा उष्मांकही अहवालात नोंदवून घ्यावा.