चारमिनारचा रुपया सराफ मोडीत मागतोय, देऊ का?

परतूरकर: आजीच्या पेटीत चांदीचे रुपये निघाले. राणी-राजाच्या मुखड्याचे ओळखू येतात. पण काहींवर चारमिनार आहे, बाकी सगळं उर्दूत. जालन्यात एक सराफ सरसकट तोलून मोडीत मागायलाय, अन् चारमिनारवाल्यांना आणखी कमी भाव. त्यात चांदी कमी असते म्हणे. खरंय का? काळे पडलेत, चिंचेनं घासू का?

अंबाजोगाईचा मास्तर: चिंच आमटीत घाला, नाण्याला लावू नका! तो काळेपणा जुन्या चांदीचा आहे, घासला की अक्षरं झिजतात अन् घेणारा तोंड फिरवतो.

सराफ चांदीबद्दल खरं बोलला, भावाबद्दल नाही; संग्राहक नुसती चांदी तोलत नाहीत. हा निजामाचा हाली रुपया. वजन 11.178 ग्रॅम, चांदी हजारात 818. इंग्रजी कलदार, म्हणजे राणी-राजाच्या मुखड्याचा रुपया, 11.66 ग्रॅमचा अन् 917 चा. म्हणून तर 100 कलदाराला 116-117 हाली मोजावे लागायचे. बाजारात व्यापाऱ्यांची सारी हुशारी या बट्ट्यावरच, म्हणजे दोन रुपयांतल्या फरकावरच चालायची.

आता भिंग घ्या. चारमिनारच्या मधल्या कमानीत एक उर्दू अक्षर आहे. 'मीम' असेल तर निजाम मीर महबूब अली खान, 'ऐन' असेल तर 1911 साली गादीवर आलेले उस्मान अली खान. हैदराबादला सैफाबादची टांकसाळ 1903 साली यंत्रावर सुरू झाली. जुन्या काळी ठशावर हातोडा घालून नाणी पाडत. 92 दिसलं तर ते साल समजू नका, 'मुहम्मद' नावाच्या अक्षरांची ती अब्जदनं, म्हणजे अक्षरांना आकडे देण्याच्या अरबी पद्धतीनं केलेली बेरीज. साल हिजरी असतं. उर्दू आकड्यांत टोक खाली असलेली खूण 7, टोक वर असलेली 8. 1337 असेल तर 1918-19.

लातूरवाला: आमच्या पणजोबांच्या खरेदीखतात 'रुपये सिक्के हाली' लिहिलंय. तलाठी मला विचारायला, हे कुठलं चलन!

परतूरकर: मास्तर, एकात मीम आहे! सालाच्या शेवटी टोक खाली, म्हणजे 1327? पण त्यालाच गळ्यात घालायची कडी डाखलेली आहे.

अंबाजोगाईचा मास्तर: हो, 1909 च्या आसपासचा. कडीमुळं संग्राहक कमीच देईल, पण काढायला जाऊ नका, डाग राहतो. तो आजीचा म्हणून घरातच ठेवा. बाकीचे एकेक करून कागदाच्या पाकिटात, पीव्हीसीच्या थैलीत नको. विकायचेच असतील तर दोन्ही बाजूंचे अन् कडेचे फोटो काढून एखाद्या नाणे प्रदर्शनात दाखवा. ओतीव नकलेची अक्षरं मऊ असतात, कडेला जोड दिसतो, वजनही चुकतं.

बीडचा: शेतात सापडले असते तर गोष्ट वेगळी. 1878 च्या कायद्यानं पुरलेलं धन सापडलं की कलेक्टरला कळवावं लागतं. पेटीतल्याचं तसं नाही.

परतूरकर: पेटीतलेच आहेत साहेब, वर आजीचं लुगडं होतं. सराफाला नाही म्हणून सांगतो.