निदानाला होणारा उशीर साथीच्या प्रतिमानात कसा मांडावा?

विद्यार्थिनी, इंदूर: नमस्कार. माझ्या एम.एस्सी.च्या प्रबंधात मी केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांच्या १९२७ च्या प्रतिमानात, म्हणजे साथ कशी पसरते हे समीकरणांनी मांडणाऱ्या गणिती आराखड्यात, निदानाचा दर घातला आहे. रोगी दररोज ०.३ जणांना संसर्ग देतो आणि ०.१ या दराने बरा होतो असे धरल्यास एकापासून ३ जणांना लागण होते. ०.२ या दराने, म्हणजे सरासरी पाच दिवसांनी, निदान होऊन तो विलग झाला तर ही संख्या १ वर येते. हे उत्तर मला फार सोपे वाटते. रामबागेतल्या माझ्या आत्याचा खोकला दोन महिने दुकानातून आणलेल्या औषधांवरच काढला गेला आणि क्षयाचे निदान झाले तेव्हा तिच्या लहान नातवालाही लागण झालेली होती. असा उशीर एका दरात बसेल का?

निवृत्त गणित शिक्षक, ग्वाल्हेर: बसणार नाही. दर स्थिर धरला की काही रोग्यांचे निदान पहिल्याच दिवशी होते असे आपण नकळत मान्य करतो. पाच दिवसांची सरासरी तशीच ठेवून उशिराचे तीन समान टप्पे करा आणि प्रत्येकाचा दर ०.६ ठेवा. याहून मोठी अडचण अशी की संसर्गक्षमता रोज सारखी नसते. तीनपैकी दोन लागणी पहिल्या चार दिवसांतच होत असतील, तर पाचव्या दिवशीच्या निदानाने फार तर एक लागण टळेल. म्हणून निदान होईपर्यंत संसर्गक्षमतेचा किती वाटा खर्च झाला, हे मोजावे. २००३ च्या सार्समध्ये ती लक्षणांनंतर दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास शिगेला पोहोचत असे, त्यामुळे लक्षणे पाहून केलेले विलगीकरण वेळेत पडले. कोविडमध्ये मात्र बराच प्रसार लक्षणे दिसण्यापूर्वीच होत होता.

छातीरोगतज्ज्ञ, इंदूर: क्षयरोगात संसर्गाचे घड्याळ निदानाला थांबत नाही, योग्य उपचार सुरू झाल्यावर थांबते. सीबीनॅट या थुंकीतले क्षयाचे जंतू यंत्रावर शोधणाऱ्या चाचणीचा निकाल सुमारे दोन तासांत मिळतो, पण रोगी थुंकीचा नमुना द्यायलाच दोन महिन्यांनी आला, तर यंत्राचा वेग त्या दोन महिन्यांना हात लावत नाही. हे टप्पे प्रतिमानात वेगळे ठेवा. लागण आणि रोग यांतही फरक करा, कारण नुसती लागण झालेले मूल इतरांना संसर्ग देत नाही. त्याला प्रतिबंधक उपचार देता येतात. आत्यांच्या घरातील सर्वांची तपासणी झाली आहे ना?

विद्यार्थिनी, इंदूर: हो डॉक्टर, सर्वांची झाली, नातवाचे उपचार चालू आहेत. सर, तीन टप्प्यांनी गणित केले. बरे होण्याआधी एक टप्पा ओलांडण्याची शक्यता ०.६ भागिले ०.७ (०.६ अधिक बरे होण्याचा दर ०.१) आहे. तिचा घन, म्हणजे तिन्ही टप्पे ओलांडून निदान होण्याची शक्यता, ०.६३ येतो. उरलेल्या ०.३७ ला ०.१ ने भागले की निदानापूर्वीचा संसर्गकाळ ३.३३ वरून ३.७० दिवसांवर जातो आणि एकापासून होणाऱ्या लागणी १.११ होतात. सरासरी तीच राहूनही साथ वाढते. आता पहिला टप्पा, म्हणजे दवाखान्यात येण्यापूर्वीचा काळ, इतरांपेक्षा लांब ठेवून पुन्हा मांडते.