'कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट'ला काय लिहू?

सदाफुली: ब्रिटनमधल्या जुगारविषयक संशोधनावर लेख करतेय. तिथे जुगाराच्या कंपन्या मर्जीनुसार देणग्या द्यायच्या, बराचसा पैसा 'गॅम्बलअवेअर' या धर्मादाय संस्थेकडे जायचा आणि त्यातूनच जुगाराच्या व्यसनावर संशोधन व्हायचं. एप्रिल २०२५ पासून वर्गणी सक्तीची झालीय, त्यातला २० टक्के वाटा संशोधनाला. पैसा देणाऱ्याचं हित असं कामाच्या आड येऊ शकतं, त्याला मी 'हितसंघर्ष' लिहिलं. संपादक विचारतात, मारामारी कुठे झाली?

खडूस: 'हितसंबंध' पुरे. क्रिकेट मंडळाच्या कारभारावरच्या लोढा समितीच्या काळात क्रीडापानांवर 'परस्पर हितसंबंध' असायचंच की.

सदाफुली: हितसंबंध असणं वेगळं, ते कामाच्या आड येणं वेगळं. आणि 'परस्पर'मुळे तर संगनमत वाटतं.

गावकुस: सरळ 'मिंधेपणा' लिहा. शेजारून वाटीभर साखर आणली की आजी दिवेलागणीच्या आत परत पाठवायची, "मिंधं राहू नये" म्हणून. 'शर्मिंदा'वरून आलाय, माझ्या मते.

खडूस: अहो, संशोधक प्रामाणिक असला तरी पैसा कुणाचा ते सांगावंच लागतं. तळटीपेत 'लेखक मिंधे आहेत' असं छापणार? शिवाय हल्ली तो शब्द राजकारण्यांनी पळवलाय.

नागझिरा: त्याआधी 'जुगार' बघा. कंपन्या 'गेमिंग' म्हणतात. अमेरिकेत १९९६ साली कॅसिनोवाल्यांच्या पैशातून संशोधनाला निधी देणारी संस्था निघाली, तिच्याही नावात 'रिस्पॉन्सिबल गेमिंग'. 'जबाबदार जुगार' म्हणजे सोवळ्यातला मटका!

सदाफुली: :) आणखी एक अडलंय. ही वर्गणी लोकांनी लावलेल्या पैशातून जिंकणाऱ्यांचे वजा जाता कंपनीकडे जे उरतं त्यावर आहे, ०.१ ते १.१ टक्के. त्या उरलेल्याला काय म्हणू?

गावकुस: नाल! आमच्या जत्रेत तीनपत्तीला घोंगडी अंथरणारा दर डावाला दोन नाणी उचलून डालड्याच्या डब्यात टाकायचा. कुणीही जिंको, डबा वाजायचाच.

खडूस: चूक. नालवाला स्वतः खेळत नाही. पैजा घेणारी कंपनी एखाद्या सामन्यात हरूही शकते. कोश उघडा.

गावकुस: कोशवाले कधी घोंगडीवर बसले होते?

पिंपळपान: तो नाल की ती नाल? आमच्याकडे घोड्याची 'ती'.

नागझिरा: घोड्याचा 'तो'. पत्त्यांचाही.

सदाफुली: लेख उद्या सकाळी द्यायचाय हो. वरच्या शब्दाचं काय?

पिंपळपान: 'ती'च. वडील घोड्यांना ठोकायचे, मला विचारा.